नेमका शब्द

"चेहऱ्यावरचा भाव कोणता होता, तो एका शब्दात लिहा. इंग्रजीत. अहवाल तसाच वर जातो," असे म्हणून चौकशी अधिकारी मॅडमनी कागद वेल्डिंगच्या मिस्त्रींपुढे सरकवला.

टेबलापलीकडे कारखान्याचे व्यवस्थापक घाम पुसत बसले होते. सोमवारी त्यांनी धमकावणाऱ्या नजरेने पाहिले, अशी भांडारातल्या कारकून बाईंची तक्रार होती. साक्षीदार एकटे मिस्त्री.

"मिस्त्री, तुम्ही होतात ना तिथे? पुसायला चष्मा काढला होता मी. डोळे बारीक करून पावती वाचत होतो, एवढंच. सांगा की यांना!"

"होतो तर, साहेब. सगळं पाहिलं."

आणि खरोखरच पाहिले होते. हातात चष्मा, कपाळावर दोन आठ्या. त्यापलीकडे काही नव्हते.

चार वर्षांपूर्वी मिस्त्रींच्या कपाळावरही आठ्याच होत्या. तीस वर्षे वेल्डिंगच्या ठिणगीसमोर काढलेल्या माणसाचे डोळे उजेडात आपोआप आक्रसतात. व्यवस्थापकांनी मात्र त्यांच्या फाइलीत 'ग्लेअर' असे लिहिले. अर्थ न कळताच मिस्त्रींनी खाली सही केली आणि हाताशी आलेली फोरमनची जागा गेली. त्या संध्याकाळी नातीने त्यांना आरशासमोर उभे केले होते.

"आजोबा, नुसत्या भुवया जवळ आल्या तर फ्राउन. त्यात तोंडही वाकडं झालं तर स्काउल. आणि पापणी न हलवता, खाऊ की गिळू असं बघितलं, की ग्लेअर."

"आणि माझं काय?"

"तुमचं? तुमच्या डोळ्यांवर नुसतं ऊन आलंय."

मिस्त्रींनी पेन उचलले. पत्र्यावर खडूने माप आखावे तसे एकेक अक्षर जपून काढले आणि कागद परत सरकवला.

"ग्लेअर," मॅडमनी वाचले. त्यांनी मान वर केली. "अर्थ ठाऊक आहे ना, मिस्त्री? या एका शब्दावर यांची नोकरी जाऊ शकते."

"ठाऊक आहे. साहेबांनीच शिकवला."

व्यवस्थापकांनी सावकाश चष्मा चढवला आणि मिस्त्रींवर डोळे रोखले. पापणी हलत नव्हती. जबडा आवळलेला होता, मानेची शीर तट्ट फुगली होती.

मिस्त्रींनी तो चेहरा, थंड झालेला सांधा तपासावा तसा, या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखला.

"मॅडम, लिहिला तेव्हा शब्द जरा सैल होता," ते म्हणाले. "आता बघा. कसा घट्ट बसला."