परवान्याची हद्द

"ताई, पाय अडकलाय. पेट्रोलचा वास येतोय," गाडीतला माणूस म्हणाला.

शलाकाने डोक्यावरची खाकी टोपी सावरली. अपघात झाला की गाडी आपणहून शलाकाच्या मदत केंद्राला फोन लावते. नव्या नियमाने हे केंद्र खासगी सुरक्षेच्या कायद्याखाली आलं आणि एसीत बसून फोन घेणाऱ्या मुली सुरक्षारक्षक झाल्या. त्यांना गणवेश मिळाला, शिट्टीही मिळाली.

पडद्यावर गाडीचा ठिपका लाल होता. गाडी पडली होती ती घाटातली दरी राज्याच्या हद्दीपलीकडे होती, आणि केंद्राचा परवाना फक्त महाराष्ट्रापुरता.

"सर, तिकडच्या पोलिसांना जागा कळवू?"

"खुळी आहेस का?" केंद्रप्रमुख धुमाळ सर म्हणाले. "परवाना नसताना गाडीचा ठावठिकाणा सांगायचा म्हणजे बेकायदा पाळत. केंद्राला टाळं लागेल. त्यांना विचार, गाडी जरा अलीकडे घेता येतेय का."

तिने विचारलं.

"उलटी पडलीय हो, ताई," तो ओशाळून म्हणाला.

सरांनी परवानगीसाठी वर मेल टाकला. फोनवर थोडा वेळ कण्हणं ऐकू आलं, मग तेही थांबलं.

दुसऱ्या दिवशी ती गाडी गुराख्यांना दिसली. दुपारी क्रेनने तिला ओढत हद्दीच्या अलीकडे आणलं. ठिपका हिरवा झाला, फोन आपोआप जोडला गेला. पलीकडे नुसती साखळी खडखडत होती.

शलाका नियमाप्रमाणे उभी राहिली.

"नमस्कार. आपल्याला काय मदत हवी आहे?"