सिद्धलिंगप्पाचा मणका

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. सिद्धलिंगप्पा खुर्चीच्या कडेला, एका अंगावर कलून बघत राहिला. त्याचाच कणा होता तो. मणक्यावर मणका, कुणी हाताने बसवल्यासारखा.

"हे सगळं माझ्यात हाय?"

"तुमच्यातच. इथली गादी सरकलीय. नस दाबते म्हणून पाय जळतो. गोळ्या झाल्या, इंजेक्शन झालं, व्यायामही झाला. आता ऑपरेशनचा विचार करू."

"मग उचलता येईल का?"

"काय उचलता तुम्ही?"

उत्तर शेजारी बसलेल्या बिरप्पाने दिलं. तो त्याचा जुना दोस्त. "नंदीध्वज, साहेब. सिद्धेश्वराच्या यात्रेतला. घराच्या वर जाईल एवढी काठी, कमरेच्या पट्ट्यात उभी धरून चालायचं. ह्याच्यासारखी ताठ कुणाचीच राहत न्हाय. दोन वर्षं झाली, हा कडेला उभा राहून नुसतं बगतोय."

सिद्धलिंगप्पा परत फिल्मकडे बघू लागला.

"दुखणं बरंचसं जाईल," डॉक्टर म्हणाले. "उचलण्याचं आज सांगत नाही."

भवानी पेठेतल्या घरी बायकोला, काशम्माला, त्याने हे सांगितलं.

"सोडा की री आता," ती म्हणाली. "उचलायला दुसरी मानसं हायत."

"दुसऱ्यांनी उचललेलं मला बगवत न्हाय."

"आनि पाठ कायमची गेली म्हंजे?"

"आता तरी कुटं हाय?"

ती हसली. मग तिने तोंड भिंतीकडे केलं. अक्कलकोटहून मुलगी धनलक्ष्मी आली, तेव्हा तिला म्हणाली, "तुझे अप्पा म्हातारपणी पैलवान व्हायला निघालेत."

ऑपरेशनच्या दिवशी धनलक्ष्मी घरी आईपाशी थांबली. दवाखान्यात बिरप्पा होता.

दुसऱ्या दिवशी नर्सने सिद्धलिंगप्पाला पट्टा बांधून उभं केलं. तो दात आवळून जळजळ सुरू व्हायची वाट बघत राहिला. ती सुरू झालीच नाही. त्याने एक पाऊल टाकलं, मग दुसरं. आपल्याला पाय आहे, हे किती दिवसांनी न दुखता कळत होतं. खिडकीपर्यंत जाऊन तो पायाकडे बघत उभा राहिला. टाके ओढत होते, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"देवानं बांदलेलं उघडत्यात," तो हळू म्हणाला, "आत हात घालून नीट करत्यात, परत शिवत्यात."

"आनि आमी खाली चहा पीत बसतोय," बिरप्पा म्हणाला. पण त्याचेही डोळे भरले होते.

पुढचे महिने सिद्धलिंगप्पा दवाखान्यात सांगितलं तसंच वागला. आधी चालणं, मग रिकामी कळशी, मग भरलेली. शेवटी डॉक्टरांनी त्याला उचलायचं कसं ते स्वतः शिकवलं. कमरेत वाकायचं नाही. गुडघ्यांत बसायचं, ओझं छातीशी घ्यायचं आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं.

"छातीशी?" बिरप्पा हसला. "नंदीध्वज काय लेकरू हाय?"

घरी सिद्धलिंगप्पा ज्वारीचं अर्धं पोतं तसं उचलायचा, ठेवायचा, परत उचलायचा. यात्रेआधीच्या सरावाला मात्र तो एकदाही आला नाही. पाठ जपतोय, असं बिरप्पा सगळ्यांना सांगायचा.

यात्रेच्या दिवशी माणसं गल्लीच्या तोंडापर्यंत दाटली होती. सिद्धलिंगप्पा पांढरी बाराबंदी घालून दारात उभा होता, ताठ. लोक त्याला बघून एकमेकांना खुणावत होते. चिरलेली पाठ आहे म्हणे, कुणीतरी म्हणालं. घरांच्या वर, आभाळात, नंदीध्वजाचं टोक दिसलं.

"बोला हर्र," असा गजर उठला.

बिरप्पाने पट्टा पुढे केला. "बांद. तुजीच वाट बगतोय समदे."

"तू धर," सिद्धलिंगप्पा म्हणाला आणि आत गेला.

धनलक्ष्मीने खाटेवरचं पांघरूण बाजूला केलं. दोन वर्षं शेजारणी चादरीची चार टोकं धरून जिला इकडून तिकडे करत होत्या, त्या काशम्माच्या गुडघ्यांखाली त्याने एक हात घातला, पाठीखाली दुसरा, तिला छातीशी घेतलं आणि उठला.