सतरा नंबर

“सतरा नंबर काढून टाका,” सर म्हणाले आणि तोंडातली पित्ताची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली.

त्यांच्या हाताखालच्या संशोधक बाई आलेखाकडे बघत राहिल्या. सगळी टिंबं खाली मुंग्यांसारखी गोळा झाली होती. सतरा नंबरचं एकटंच वर, थेट कागदाच्या कडेला.

पोटातलं एक संप्रेरक भलतंच वाढलं की आत कुठेतरी गाठ असू शकते, असं सांगणारा सरांचा शोधनिबंध परवा छापायला जायचा होता. तुलनेला धडधाकट माणसांचं रक्त हवं, म्हणून शिपायापासून सरांपर्यंत अख्ख्या विभागाने दंड पुढे केले होते. नर्सने नावं झाकून नळ्यांवर नुसते नंबर घातले, थोडं रक्त मोजणीला पाठवलं आणि नळ्या फ्रीझरमध्ये ठेवल्या. विभागाच्या पांढऱ्या टोपणाच्या नळीत रक्त द्यायला एकटे सर तयार नव्हते. त्यांनी परदेशातून आणलेली स्वतःची निळ्या टोपणाची नळी खिशातून काढली. इथल्या प्लास्टिकवर त्यांचा तेवढाच विश्वास होता, जेवढा इथल्या माणसांवर.

“सर, मोजणीवाल्यांकडून परत मोजून घेतलं. तेवढंच आलं. ही धडधाकट माणसाची पातळी नाही.”

“खादाड माणसाची आहे. उपाशी या म्हटलं, तर कुणीतरी बिस्किटं कोंबून आला. मी नाही राहिलो आदल्या संध्याकाळपासून उपाशी?”

“खाऊन एवढी वाढत नाही, सर. त्या माणसाला सांगायला हवं. वेळेत कळलं तर वाचेल.”

सरांना हसू आलं. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासून हिला जिथे तिथे आजार दिसायचा. पोर शिंकलं की हिचा चेहरा उतरलेला. आयांना प्रयोगशाळेत घेऊच नये, असं त्यांचं मत होतं. ते मत ते खासगीतच बोलत, म्हणजे दाराबाहेर ऐकू जाईल इतक्याच हळू.

“मॅडम, नावं झाकली ती काय गंमत म्हणून? एकासाठी उघडलीत की अभ्यासाचा बट्ट्याबोळ. आणि तुमच्या नोकरीची मुदतवाढ माझ्याच सहीने होते ना?”

बाईंनी आलेखाची घडी घातली.

“उरलेलं रक्तही फेका. परत मोजायची हुक्की नको कुणाला.”

त्या फ्रीझरकडे गेल्या. सरांच्या छातीत जळजळ वर आली. त्यांनी आणखी एक गोळी फोडली. असल्या लोकांत राहून कुणाचं पित्त खवळणार नाही?

बाई परत आल्या, त्या दारातच थांबल्या.

“सर, नक्की टाकू?”

“टाका.” त्यांनी मान वर केली नाही. “आणि सापडलाच तो महाभाग, तर सांगा त्याला, तुझ्यावाचून विज्ञानाचं काही अडत नाही.”

“एकदा बघता का?”

सरांनी वैतागून वर पाहिलं. हातमोज्यातल्या नळीवर बर्फ साचला होता, पण टोपण स्वच्छ दिसत होतं. निळं.