पाय राहिला

जळकोटच्या शंभुलिंगच्या मांडीत कॅन्सरची गाठ निघाली, तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "पाय खुब्यापासून काढावा लागेल. तरच जीव वाचेल." शंभुलिंग मनाची तयारी करून बसला होता. त्याच्या बायकोनं, महेश्वरीनंच हट्ट धरला. "माझ्या माणसाला एका पायाचा करू देणार न्हाय," म्हणाली आणि त्याला घरी घेऊन आली. मग झाडपाल्याचे लेप झाले, मंतरलेले दोरे झाले. गाठ वाढतच गेली.

पावसाळा सरल्यावर दोघं पुन्हा त्याच डॉक्टरांपुढं येऊन बसली. डॉक्टरांनी नवे फोटो उजेडापुढं धरून पुन्हा पुन्हा बघितले. मग एवढंच म्हणाले, "आता पाय काढायचा नाही."

शंभुलिंगचा चेहरा उजळला. "बघ, तूच खरी ठरलीस," असं बायकोला म्हणत तो आईला फोन लावायला काठी टेकत बाहेर गेला. "अव्वा, पाय वाचला बघ!" त्याचा आवाज आतपर्यंत ऐकू आला.

महेश्वरीला मात्र डॉक्टरांचं तोंड बघूनच धडकी भरली होती. "का न्हाय काढायचा, साहेब?"

"रोग छातीत पसरलाय, ताई. आता पाय काढून काही उपयोग नाही."

ती खुर्चीवरून उठली आणि तिनं डॉक्टरांचे दोन्ही हात धरले.

"असं नका म्हणू. कापा हो, साहेब. म्या कुठं सही करू ते सांगा. पार खुब्यापासून कापा."