लढाईचं पान

कलबुर्गीच्या कॉलेजात इतिहास शिकवणारी विजयश्री मौर्य साम्राज्यावर प्रबंध लिहीत होती. निंबर्ग्याच्या शोभाबाईंकडे ताडपत्रांची एक जुनी पोथी आहे आणि तिच्यात मौर्यांच्या एका लढाईचं वर्णन आहे, असं कळल्यावर ती भर दुपारी तिथं पोचली.

शोभाबाईंनी नाकाला पदर लावूनच पोथीचं फडकं सोडलं. सडक्या मांसाचा भपकारा आला.

"आत उंदीर मेला का काय, अक्का?"

"न्हाई बाई. लढाईचं पान वर आलं की असाच वास सुटतो."

त्या पानावरची अक्षरं पुसट होती. तीन वर्षं आपण शोधतोय तो लढाईचा पुरावा हाच, या आशेनं विजयश्री पानावर आणखी वाकली. अक्षरं उठावीत म्हणून तिनं पानावर काजळी चोळली. कोरलेल्या रेघांतून पिवळट पू पाझरला आणि तिच्या बोटांना चिकटला.

"कामून हात घालायलीस त्यात? ठेव ते," शोभाबाई म्हणाल्या.

"एकच ओळ ऱ्हायलीय, अक्का."

पू पुसायला तिनं तेलाचा बोळा त्या ओळीवर टेकवला.

गार तेल लागताच पानावर सरसरून काटा आला.