जाईचा सूर

देवळाच्या अंगणातल्या जाईचा पाला चावून चावून मल्हारी गुरवाने वेल बोडकी केली, पण तोंड आलेलं बरं होईना. सनईची पत्ती ओठाला लागली की निखारा ठेवल्यासारखं होई. उत्सव जवळ आला तसे विश्वस्त म्हणाले, "राहू द्या, मोबाइलवरची सनई लावू."

औषधांवर संशोधन करणाऱ्या लेकीने आपल्या प्रयोगशाळेतून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ टिकल्या आणल्या.

"इतकं शिकून चिकटपट्टी केलीस होय गं?"

"अण्णा, जाईचाच अर्क आहे. कोळिष्टकाहून बारीक धाग्यांत विणलाय. बोलू नका."

टिकली ओठाच्या आत चिकटली, भिजली, विरली. रोज एक लावता लावता जखम भरली.

उत्सवाच्या पहाटे पहिला सूर सरळ निघाला आणि मल्हारी क्षणभर ओठ चाचपत राहिला. मग तो देवाकडे पाठ करून बोडक्या वेलीसमोर बसला.

"अण्णा, देव मागे आहे."

"त्याला रोज ऐकवतो. आज हिला ऐकू दे."