शेगडीमागचा पत्रा

एसटीतली ड्रायव्हरकी संपल्यावर न्हावऱ्याच्या तात्याबांनी एक जुनी मिनीबस घेतली आणि तिचं चाकावरचं घर केलं. "तुला समदा देश दाखवतो," असं त्यांनी सगुणाबाईंना सांगितलं होतं. पण चार वर्षं झाली तरी बस अंगणातून हलली नव्हती. दर वेळी तात्याबा काहीतरी करायचं राहिलंय म्हणायचे: आधी पलंग, मग पाण्याची टाकी, आता शेगडीमागचं तेलकट प्लायवूड. सगुणाबाई रोज बसमध्येच स्वयंपाक करायच्या आणि खिडकीतून रोज तोच गोठा बघायच्या.

त्या दिवशी अयुब मिस्त्री प्लायवूडवर स्टीलचा पत्रा बसवायला आले. त्यांनी पेन्सिलीनं जाड रेघ मारली.

"तात्याबा, पत्रा या रेघेला लावून धरा."

तात्याबांनी तो वीतभर खाली धरला. "बरोबर हाय न्हवं?"

"चेष्टा करताय व्हय?" अयुब हसले.

तात्याबा हसले नाहीत. डोळ्यांना न दिसणारी ती रेघ त्यांची बोटं प्लायवूडवर चाचपडत होती.

दारात उभ्या सगुणाबाईंना चार वर्षांचा उलगडा झाला. त्या आत आल्या आणि नवऱ्याचं मनगट धरून त्यांनी पत्रा हळूच वर सरकवला.

शेवटचा स्क्रू आवळून अयुबनी विचारलं, "वहिनी, आता तर समदं झालं. कवा निघताय?"

तात्याबांनी मान खाली घातली.



"कुठलं निघतोय, अयुबभाई," सगुणाबाई म्हणाल्या, "मलाच गाडी लागती."